ब्रिटनमध्ये घर भाड्याने देताना गॅस तपासणी: खर्च किती, कायदा काय?

कडीपत्ता

इंग्लंडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, भाड्याने दिलेला. गॅसवर चालणारं म्हणजे एक काँबी बॉयलर (घर तापवणं आणि गरम पाणी एकातच) आणि चार बर्नरची शेगडी, बाकी सगळं विजेवर. मागच्या दाखल्यावर तारीख 14 मार्च. एजंट यंदाच्या तपासणीचे 138 पौंड सांगतोय. जाहिरातींत तेच काम "35 पौंडांपासून" दिसतं. एवढी तफावत कशामुळे? नेमकं काय तपासणं कायद्याने सक्तीचं आहे? आणि मार्चपर्यंत थांबावं की आत्ताच उरकावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आलेपाक

35 पौंडांत गॅसवाला येतो, चहा पितो आणि जातो. चहाही आपल्याच दुधाचा.

निळी ज्योत

आधी कायदा, मग पैसे.

मूळ नियम 1998 चे, गॅस सेफ्टी (इन्स्टॉलेशन अँड यूज) रेग्युलेशन्स. घरमालकांसाठी त्यातला नियम 36. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड तिघांना तोच लागू. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे. या नियमात तीन वेगवेगळी कामं सांगितली आहेत आणि लोक तिन्हींची एकच मोट बांधतात. एक, घरमालकाच्या मालकीची गॅस उपकरणं, पाइप आणि धुराडी सुरक्षित स्थितीत राखणं. दोन, उपकरणं आणि धुराडी दर 12 महिन्यांच्या आत नोंदणीकृत माणसाकडून तपासून घेणं. तीन, त्याची लेखी नोंद ठेवणं आणि भाडेकरूला प्रत देणं.

आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूला तपासणीनंतर 28 दिवसांत प्रत द्यायची. नवा भाडेकरू असेल तर तो राहायला येण्याआधी. नोंद किमान 2 वर्षं जपायची. ईमेलने पीडीएफ चालतं, पण भाडेकरूने कागद मागितला तर कागद द्यावा लागतो.

नोंदणीकृत म्हणजे गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेला. 1 एप्रिल 2009 पासून कॉर्गी या जुन्या नोंदणी संस्थेची जागा या रजिस्टरने घेतली. दाखल्याला अजून सगळे "सीपी12" म्हणतात, तो कॉर्गीच्या जुन्या फॉर्मचा नंबर. सासूबाई गेल्या, पण डब्यावरचं नाव राहिलं.

टेम्सकाठी

दराचं सांगतो. सरकारी किंवा रजिस्टरने ठरवलेला दर नाही, प्रत्येक जण आपला भाव लावतो. एक बॉयलर आणि एक शेगडी असेल तर स्वतंत्र गॅसवाला साधारण 60 ते 90 पौंड घेतो, लंडनमध्ये थोडे जास्त. पुढच्या प्रत्येक उपकरणाला 10 ते 20. त्याच फेरीत बॉयलरची सर्व्हिस करून घेतली तर दोन्ही मिळून 100 ते 150. व्हॅटचं विचारून घ्या: लहान गॅसवाल्यांची व्हॅट नोंदणी बहुधा नसते, कंपनी असेल तर वर 20 टक्के. लंडनमध्ये गाडी लावायचे पैसे आणि कंजेशन चार्ज (शहराच्या मध्यभागी गाडी नेण्याचं शुल्क) बिलात वेगळे येऊ शकतात.

हा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो, पावती जपा. भाडेकरूकडून मात्र वसूल करता येत नाही. इंग्लंडमध्ये 2019 च्या टेनंट फीज कायद्याने ती वाट बंद केली.

हट्टी नातू

सर्व्हिस कशाला? कायद्यात सर्व्हिस हा शब्दच नाही. कायद्याला तपासणी हवी, ती 65 पौंडांत होते. उरलेले पैसे वाचवा. एजंट लोक दोन्ही एकत्र बांधून गळ्यात मारतात.

मीटरवाला

@हट्टी नातू, एजंट गळ्यात मारतात हे मान्य. बाकीचं नाही. पण आधी तपासणीत प्रत्यक्ष काय होतं ते लिहितो, म्हणजे 35 पौंडांत काय गळतं ते कळेल.

गॅसवाला मीटरपाशी सुरुवात करतो. मीटरवर प्रेशर गेज लावून आधी बंद झडपेतून गॅस झिरपत नाही ना ते बघायचं. त्यासाठी प्रेशर 10 मिलिबारच्या आसपास आणून एक मिनिट थांबायचं, काटा चढला तर झडपच गळते आहे. मग 20-21 मिलिबारपर्यंत चढवायचं, एक मिनिट स्थिर होऊ द्यायचं, दोन मिनिटं मोजायचं. उपकरणं बंद करून नुसता पाइप तपासला तर काटा हलता कामा नये. उपकरणं जोडलेली असताना नेहमीच्या घरगुती (जी4) मीटरवर 4 मिलिबारपर्यंत घट चालते, अट एकच: कुठेही वास यायला नको. यात गंमत अशी की पाइपची ही गळती चाचणी वार्षिक तपासणीच्या सक्तीत बसत नाही; पाइप येतो "सुरक्षित राखा" या कलमात. चांगला माणूस ती करतोच. स्वस्तातला करेलच असं नाही.

पुढे सगळं चालू करून मीटरपाशी चालतं प्रेशर बघायचं, ते 19 ते 23 मिलिबारमध्ये हवं. मीटरपासून बॉयलरपर्यंत 1 मिलिबारहून जास्त पडलं तर पाइप बारीक आहे किंवा कुठेतरी अडलंय. जुना बॉयलर काढून मोठा काँबी बसवताना 15 मिमी चा पाइप तसाच ठेवला की हेच होतं.

मग प्रत्येक उपकरणाच्या चार गोष्टी: धूर नीट बाहेर जातो का, ज्वलनाला हवा पुरते का, चालतं प्रेशर किंवा उष्णतेचा भार बरोबर आहे का, आणि सुरक्षा यंत्रणा वेळेवर बंद करते का.

चष्मेबद्दूर

उष्णतेचा भार म्हणजे काय? कसा मोजतात?

मीटरवाला

घड्याळ लावून. घरातली बाकी उपकरणं बंद, बॉयलर पूर्ण ताकदीवर, आणि मीटर दोन मिनिटं वाचायचा. समजा 120 सेकंदांत 0.085 घनमीटर गॅस गेला. नैसर्गिक वायूची उष्णता घनमीटरला साधारण 39 मेगाज्यूल. 0.085 गुणिले 39 गुणिले 1000, भागिले 120, म्हणजे सुमारे 27.6 किलोवॅट ग्रॉस, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णता धरून. 1.11 ने भागलं की ती वगळून नेट 24.9. बॉयलरच्या पट्टीवर जो आकडा छापलाय त्याच्याशी ताडून बघायचं. फार कमी आला तर गॅस पुरत नाही, फार जास्त आला तर कुणीतरी गॅस व्हॉल्व्हशी खेळलंय.

कंडेन्सिंग बॉयलरला (धुरातली उष्णताही वापरणाऱ्या) धुराड्यात अ‍ॅनालायझरची सळई घालून कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर बघतात. ते 0.004 च्या वर जायला नको. गेलं तर आधी हवेची वाट आणि धुराड्याचे जोड बघायचे, मग निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे पुढचं.

या सगळ्याला नीट केलं तर पाऊण तास. तुमच्या दाखल्यावर या रकान्यांत आकडे आहेत की नुसत्या बरोबरच्या खुणा, ते उघडून बघा. 35 पौंडांचं कोडं तिथेच सुटेल.

निळी ज्योत

@हट्टी नातू, आता सर्व्हिसचं. "सर्व्हिस" शब्द नाही, पण "सुरक्षित राखा" आहे, आणि ते वेगळं कलम आहे. तपासणी झाली म्हणून राखणीची जबाबदारी पार पडत नाही. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी सुरक्षा संस्थेची भूमिका अशी की राखणी निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे करा, आणि बहुतेक बॉयलरच्या पुस्तिकेत वर्षातून एकदा सर्व्हिस लिहिलेली असते. शिवाय वार्षिक सर्व्हिस चुकली की वॉरंटी जाते. सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी असलेला बॉयलर 50-60 पौंड वाचवायला उघडा पाडणं हा महाग कंजूषपणा.

तपासणीत बॉयलरच्या आतली साफसफाई होत नाही. सर्व्हिसमध्ये कंडेन्सेटचा (धुरातून निवळलेल्या पाण्याचा) सापळा काढून धुतात, बर्नर उघडतात, इलेक्ट्रोड आणि दाराची सील बघतात किंवा बदलतात. सील गेलेली असेल तर धूर बॉयलरच्या पेटीतून घरात येऊ शकतो.

हट्टी नातू

बरं, हरलो. पण वॉरंटी संपलेला बॉयलर असेल तर?

निळी ज्योत

मग तर जास्तच.

कोथिंबीर वडी

शेगडीबद्दल कुणी बोलेना, आणि आपल्या लोकांच्या घरात खरं काम तिलाच असतं. फोडण्या, पुरणपोळ्या, वर तीन शिट्ट्यांचा कुकर. तपासताना शेगडीच्या प्रत्येक बर्नरला ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लांब, काजळी धरणारी म्हणजे बर्नरच्या भोकांत सांडलेलं वरण वाळलंय, किंवा हवा मिळत नाही. ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी थर्मोकपलची सोय असेल तर तीही तपासतात: बर्नर विझवला की ठराविक वेळात झडप पडल्याचा "टिक" ऐकू यायला हवा. जुन्या फ्लॅटमधली, ही सोय नसलेली शेगडी काढून नवी बसवताना तशीच बसवता येत नाही, फ्लॅटमध्ये प्रत्येक बर्नरला ती हवीच.

शेगडी आणि ओव्हन एकत्र असलेला उभा कुकर असेल तर मागे साखळी किंवा ब्रॅकेट बघतात, ओव्हनच्या दारावर पोरगं चढलं तर कुकर पुढे कलंडू नये म्हणून.

मीटरवाला

+1. आणि हवा. शेगडी असलेल्या स्वयंपाकघराला उघडणारी खिडकी हवीच. त्याशिवाय खोली 5 घनमीटरहून लहान असेल तर 100 चौरस सेंटिमीटरची कायमची जाळी, 5 ते 10 घनमीटर असेल तर 50, त्याहून मोठ्या खोलीला जाळी लागत नाही. 5 ते 10 वाल्या खोलीचं दार थेट बाहेर उघडत असेल तर तिलाही सूट.

जानेवारीत थंडी वाजते म्हणून भाडेकरू या जाळीत वर्तमानपत्र कोंबतात, वर रंग मारतात. दाखल्यावर ते "अ‍ॅट रिस्क" म्हणून येतं आणि मालक म्हणतो, मागच्या वर्षी तर पास झालं होतं!

गडबडगुंडा

"अ‍ॅट रिस्क" आणि "नापास" यात फरक काय?

मीटरवाला

दोन पायऱ्या असतात. "तात्काळ धोकादायक" म्हणजे चालू राहिलं तर लगेच इजा होईल: गळती, खोलीत परतणारा धूर. तिथे गॅसवाला परवानगी मागून उपकरण गॅसच्या पाइपपासून वेगळं करतो. परवानगी नाकारली तर गॅसच्या आपत्कालीन सेवेला कळवतो, नंबर 0800 111 999. "अ‍ॅट रिस्क" म्हणजे आज नाही पण एखादी गोष्ट बिघडली की धोका. तिथे बंद करून ठेवायला सांगतात. दोन्हींत लाल किंवा पिवळी चिठ्ठी लागते आणि दुरुस्त होईपर्यंत ते वापरता येत नाही. दुरुस्तीचं काय केलं ते दाखल्यावर यावं लागतं. नुसता दाखला मिळाला म्हणजे घर पास झालं असं नाही, "दोष" हा रकाना वाचा.

पैठणकर काका

एक गोष्ट आपल्या मंडळींत फार होते म्हणून सांगतो. भाडं वाढवायला दिवाणखाना बेडरूम म्हणून देतात. तिथे जुनी गॅसची शेकोटी असेल तर प्रकरण बदलतं. झोपायच्या खोलीत 14 किलोवॅटहून मोठं गॅस उपकरण असेल तर ते बाहेरूनच हवा घेणारं, खोलीपासून पूर्ण बंद असायला हवं. लहान असलं आणि खोलीतली हवा घेत असलं तर धूर साठताच स्वतः बंद होणारी सोय हवी. जुन्या शेकोट्यांना बऱ्याचदा ती नसते. खोलीचं नाव बदललं की नियम बदलतो, शेकोटी तीच असली तरी.

शेकोटीची तपासणीही लांबते. ती भिंतीपासून काढून मागच्या पोकळीत पडलेली माती, विटांचा चुरा, पक्ष्यांच्या काड्या बघायच्या, धूरगोळी पेटवून चिमणी ओढते का ते बाहेर जाऊन बघायचं, मागचं पत्र्याचं झाकण टेपने पुन्हा बंद करायचं, मग दारं-खिडक्या लावून, असला तर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून, धुराच्या काडीने धूर खोलीत परततो का ते पाहायचं. कोणी "शेकोटी धरून 40 पौंड" म्हणाला तर त्याने ती काढलेली नाही.

चिंचगूळ

अवांतर: आपल्याकडे पुण्यात भाड्याच्या फ्लॅटला असं काही का नाही? सिलिंडर, रबरी नळी आणि रामभरोसे.

कोथिंबीर वडी

@चिंचगूळ, अगदी रामभरोसे नाही, नळीवर तारीख असते, सुरक्षा नळी 5 वर्षांनी बदलायची, आणि गळतीसाठी 1906. फक्त ते वाचतं कोण! एक फरक लक्षात ठेवा: तिकडचा नळाचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. आपला सिलिंडरचा जड, खाली ओट्याखालच्या कपाटात साचतो. वास आला की इकडे-तिकडे दोन्हीकडे दिव्याचं बटण दाबू नका.

आलेपाक

धागा भरकटायच्या आत लंडनला परत या.

टेम्सकाठी

येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म राहिला. 1 ऑक्टोबर 2022 पासून इंग्लंडमध्ये राहत्या खोलीत कायमचं बसवलेलं ज्वलनाचं उपकरण असेल तिथे अलार्म सक्तीचा. शेगडी किंवा कुकर यातून वगळलाय, म्हणजे कडीपत्तांच्या घरी बॉयलर ज्या खोलीत आहे तिथे. भाडं सुरू होईल त्या दिवशी तो वाजतो का ते मालकाने बघायचं, नंतर भाडेकरूने बिघडल्याचं सांगितलं तर बदलायचा. न केल्यास दंड 5,000 पौंडांपर्यंत. अलार्म 15 ते 25 पौंडांना मिळतो, आयुष्य 7 ते 10 वर्षं, मागे बदलायची तारीख छापलेली असते. बॉयलरपासून आडवं 1 ते 3 मीटर लांब लावा. छतावर लावला तर भिंतीपासून 30 सेंटिमीटर, भिंतीवर लावला तर छतापासून 15 सेंटिमीटर खाली पण दार-खिडकीच्या वर. बॉयलरच्या कपाटात आत लावू नका.

परदेशी पाटील

मालक भारतात आणि घर इंग्लंडमध्ये, अशांसाठी. जबाबदारी मालकाचीच राहते. एजंटच्या करारात "गॅस तपासणी एजंट करील" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर कर्तव्य त्याच्याकडेही जातं. नुसतं "संपूर्ण व्यवस्थापन" या शब्दांवर विसंबू नका, ओळ दाखवायला सांगा. भाडेकरूला नोटीस पाठवण्यासाठी इंग्लंड-वेल्समधला पत्ता द्यावा लागतो, पुण्याचा चालत नाही. एजंटचा पत्ता देतात. आणि मालक परदेशी राहणारा असेल तर एजंट भाड्यातून मूळ दराने कर कापतो. गॅसवाल्याला एजंटनेच पैसे दिले असतील तर तो खर्च आधी वजा होतो, म्हणून बिल एजंटमार्फत गेलेलं कधी कधी सोयीचं.

एअरबीएनबीसारखं थोड्या दिवसांसाठी देत असाल तरी नियम लागू. फक्त प्रत हातात देण्याऐवजी घरात ठळक जागी लावली तरी चालते. घरात एक खोली देऊन मालक तिथेच राहत असेल तरीही लागू.

गडबडगुंडा

भाडेकरूने आत येऊच दिलं नाही तर?

निळी ज्योत

दार तोडायचं नाही. किमान 24 तासांची लेखी सूचना, वेळ त्याच्या सोयीची. नाही म्हणाला तर तारखेसह पुन्हा पत्र, त्यात तपासणी कायद्याने आणि त्याच्याच जिवासाठी आहे हे लिहा. निदान तीन प्रामाणिक प्रयत्न आणि त्यांची नोंद हवी. "सगळे वाजवी प्रयत्न केले" हे कोर्टात मालकाने दाखवायचं असतं. तरी नाहीच, तर कोर्टाचा आदेश.

मीटरवाला

आणि आत येऊ दिलं तरी प्रीपेमेंट मीटरमध्ये पैसे नसतात! गॅस नाही, चाचणी नाही, फेरी फुकट, 30-40 पौंड वाया. वेळ ठरवतानाच मेसेज करा: मीटरवर क्रेडिट ठेवा, वीजही चालू हवी, बॉयलरसमोरचे खोके हलवा, मीटरच्या पेटीची किल्ली हाताशी ठेवा.

चष्मेबद्दूर

दाखला चुकला तर भाडेकरूला काढता येत नाही म्हणतात ते खरं का?

निळी ज्योत

ते कलम 21 च्या, म्हणजे कारण न देता घर सोडायला सांगणाऱ्या नोटिशीबद्दल होतं. दाखला दिलेला नसेल तर ती नोटीस टिकत नसे. उशिरा पण नोटिशीच्या आधी दिला तर टिकते असं अपील कोर्टाने 2020 मध्ये म्हटलं. रेंटर्स राइट्स कायद्याने 1 मे 2026 पासून खाजगी भाडेकरूंसाठी कलम 21 च बाद केलं. म्हणून कुणी "आता दाखल्याला किंमत नाही" असं समजत असेल तर चूक. नियम 36 मोडणं हा गुन्हा आहे, अमर्याद दंड आणि तुरुंगवास दोन्ही शक्य.

पैठणकर काका

कडीपत्ता, आता तुमचे 138. एजंटकडे बिल फोडून मागा: तपासणी किती, सर्व्हिस किती, व्हॅट किती, एजंटचं स्वतःचं किती. तपासणी 70, सर्व्हिस 45 आणि व्हॅट 23 असे 138 होत असतील तर भाव रास्त आहे. नुसती तपासणी 138 म्हणत असेल तर आपला माणूस आणा, बहुतेक करारात त्याला हरकत नसते. गॅसवाल्याच्या ओळखपत्राच्या मागची बाजू बघा. त्याला बॉयलर येतो, शेगडी येते का, ते तिथे लिहिलेलं असतं. मुदत पुढच्या बाजूला.

टेम्सकाठी

तारखेचं राहिलं. 2018 पासून सोय आहे: मुदतीच्या आधीच्या दोन महिन्यांत तपासणी केली तर पुढची मुदत सरकत नाही. मुदत 14 मार्च असेल तर 15 जानेवारीनंतर कधीही करा, पुढच्या वर्षीची मुदत 14 मार्चच राहील. 10 जानेवारीला केली तर पुढची मुदत 10 जानेवारी. ही सवलत घ्यायची तर जुने दाखले जपून ठेवावे लागतात, सलग साखळी दाखवता यायला हवी.

कडीपत्ता

वाचनखूण साठवली. बिल फोडून मागितलं. मागचा दाखला उघडला: बॉयलरच्या प्रेशरच्या रकान्यात बरोबरची खूण, आकडा नाही. शेगडीचा रकानाच कोरा.

आलेपाक

म्हणजे चहा झाला होता.

मीटरवाला

@कडीपत्ता, मग मार्चची वाट बघू नका. शेगडी तपासलीच नसेल तर तिच्यापुरती मुदत आजच ओलांडलेली आहे. या आठवड्यात दुसरा माणूस बोलवा, शेगडी, बॉयलर आणि गळती चाचणी तिन्ही सांगूनच ठरवा, आणि आकडे लिहिल्याशिवाय सही घेऊ नका. कोरा रकाना असलेल्या दाखल्याची तक्रार गॅस सेफ रजिस्टरकडे करता येते. जुना कागद फाडू नका.